बाँडिंगची बाटली उघडण्याआधी: दाताचा पृष्ठभाग कसा तयार करायचा

इंटर्नशिप संपवून एखाद्या क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून रुजू झालेल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. पुण्यातल्या धनकवडीच्या कॉलेजातून आलेले असोत, पिंपरीच्या किंवा कॅम्पातल्या, विचारतात, "सर, इथे बाँड कुठलं वापरता?" बाँड म्हणजे कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग, दाताला चिकटवणारा द्रव. विचारायला हरकत नाही, पण त्याच्या आधी विचारायचं ते राहून जातं: बाँड लावणार कशावर?

एकच बाटली ताज्या कापलेल्या एनॅमलवर (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणावर) घट्ट धरते, वर्षानुवर्षं घासून काचेसारख्या झालेल्या डेंटिनवर (एनॅमलखालच्या थरावर) कशीबशी धरते आणि लाळेचा हात लागलेल्या पृष्ठभागावर धरतच नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात बाँडच्या ताकदीचा जो आकडा असतो, तो साधारणपणे प्रयोगशाळेतला असतो. तिथे कीड नसलेला, काढलेला दात घेतात, तो सपाट कापतात, ६०० ग्रिटच्या पॉलिश पेपरवर एकसारखा घासतात आणि मग मटेरियल लावतात. आपल्या खुर्चीत असा दात कधी येत नाही. म्हणून त्या आकड्यांची तुलना करण्यात वेळ घालवण्यापेक्षा समोरच्या दाताला त्या सपाट दाताच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्यावं. हा लेख त्यासाठी आहे. तो बीडीएस नुकतंच झालेल्यांना आणि इंटर्न्सना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पेशंट म्हणून वाचत असाल तर उत्सुकता भागवा, प्रयोग करू नका.

आधी एवढं डोक्यात पक्कं असू द्या

एनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. डेंटिनमध्ये खनिज साधारण ७० टक्के, सेंद्रिय भाग, म्हणजे मुख्यतः कोलॅजन, २० टक्क्यांच्या आसपास आणि उरलेलं पाणी. एनॅमल कोरडं करता येतं आणि कोरडंच हवं असतं. डेंटिन जिवंत दातात पूर्ण कोरडं होतच नाही, कारण त्याच्या नलिकांमधून पल्पकडून (दाताच्या आतल्या नसा-रक्तवाहिन्यांच्या गाभ्याकडून) बाहेरच्या दिशेने द्रव सतत झिरपत असतो.

या नलिका सगळीकडे सारख्या नसतात. एनॅमलच्या जवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण २०,००० असतात, तर पल्पजवळ ४५,००० च्या घरात, आणि तिथे त्यांची तोंडंही रुंद असतात. त्यामुळे कॅव्हिटी (दातात कोरलेला खड्डा) जितकी खोल, तितकी ओल जास्त आणि रेझिनला धरायला नलिकांमधलं घन डेंटिन कमी. उथळ कॅव्हिटीत जमलेला हात खोल कॅव्हिटीत का फसतो, याचं कारण बरेचदा इथे असतं.

पायरी १: दात नीट बघा

एक्स-रे बघून लगेच एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) हातात घेऊ नका. दात स्वच्छ करा, हवेने वाळवा, दिवा नीट फिरवा आणि हा दात कुठल्या जातीचा आहे ते ठरवा.

सदाशिव-नारायण पेठांतल्या जुन्या पेशंटांत, आणि गावाकडून मुलांकडे राहायला आलेल्या आजींमध्ये, हिरडीजवळच्या खाचा हमखास दिसतात. कुणी वर्षानुवर्षं मिश्री लावलेली असते, कुणी भरड मंजन बोटाने घासलेलं असतं, कुणी कडक ब्रश आडवा चालवलेला असतो. खाचेचा तळ पिवळट-तपकिरी आणि चकचकीत दिसला, प्रोबने खरवडला तरी पेशंट दचकत नाही, तर ते स्क्लेरोटिक डेंटिन. त्याच्या नलिका खनिजाने बुजलेल्या असतात आणि वर जास्त खनिज असलेला, आम्लाला सहज न बधणारा थर असतो. "दुखत नाही, पटकन होईल" असं वाटून इथे थेट बाँड लावलं की महिन्या-दोन महिन्यांत आजोबा सिमेंट पुडीत बांधून परत आणतात. अशा पृष्ठभागावर बारीक डायमंड बरने (हिऱ्याचे कण बसवलेल्या ड्रिलच्या टोकाने) हलका हात फिरवून वरचा चकचकीत थर उतरवावा लागतो. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि खाचा भरताना सर्वांत जास्त टाळलं जाणारंही हेच.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांतून नोकरी-शिक्षणासाठी पुण्यात आलेल्या तरुणांमध्ये फ्लुरोसिसचे (जादा फ्लोराइडमुळे डागाळलेले) दात दिसतात. वरचं एनॅमल फ्लोराइडमुळे आम्लाला जास्त विरोध करतं. नेहमीच्या वेळात एच केलं (आम्लाने खरखरीत केलं) आणि ते खडूसारखं पांढरं झालं नाही, तर थर थोडा घासून घ्या आणि एचिंगची वेळ वाढवा. मात्र फ्लुरोसिस तीव्र असेल, तर वरच्या थराखालचं एनॅमल सच्छिद्र आणि ठिसूळ असतं. तिथे नुसती वेळ वाढवून भागत नाही, कच्चा भाग काढावाच लागतो.

दुधाच्या दातांवर, आणि कायमच्या दातांच्या न घासलेल्या पृष्ठभागावरही काही ठिकाणी, एनॅमलचा बाहेरचा थर दांड्यांची (एनॅमल ज्या अतिसूक्ष्म खनिज-दांड्यांनी बनतं त्यांची) रचना नसलेला असतो. त्यावर आम्ल हवी तशी खडबडीत नक्षी उठवत नाही. नुसतं खरखरीत करून घेतलं तरी बराच फरक पडतो.

आता इतिहास विचारायचे प्रश्न. लग्नाआधी दात पांढरे करून घेतलेत का? ब्लीचिंगनंतर दातात राहिलेला ऑक्सिजन रेझिनचं जमणं अडवतो. एक ते दोन आठवडे थांबा. तारखा जवळ आल्या की नवरीची आई घाई करते, तरीही थांबा. रूट कॅनाल झालेला दात आहे का? सोडियम हायपोक्लोराइटने धुतलेल्या डेंटिनवरही हीच अडचण येते. तात्पुरतं फिलिंग लवंगाच्या तेलाचं, म्हणजे युजेनॉल असलेलं होतं का? युजेनॉलचा अंश राहिला तर रेझिन नीट जमत नाही, म्हणून त्याचा शेवटचा कणही काढा आणि खालचं डेंटिन ताजं करून घ्या.

पायरी २: साफसफाई आणि रबर डॅम

पृष्ठभाग साफ करायला साधी प्युमिस पूड पाण्यात कालवून वापरा. स्केलिंगनंतर पॉलिशसाठी ठेवलेली सुगंधी पेस्ट इथे नको. तिच्यातलं ग्लिसरिन आणि तेलकट सुगंध मागे राहतात. मग भरपूर पाण्याने धुवा.

रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायची रबरी शीट, १८६४ मध्ये आला. एवढं जुनं साधन असूनही आपल्याकडे कित्येक क्लिनिकमध्ये त्याच्या शीट ड्रॉवरमध्ये पडून पडून कडक होतात. कारण नेहमी एकच सांगितलं जातं: पेशंटला आवडत नाही. माझा अनुभव असा की पेशंटला नव्हे, डॉक्टरलाच सवय नसते. "काकू, हे रबर लावलं की पाणी घशात जाणार नाही, तोंड सारखं चूळ भरायला उघडायचं नाही, तुम्ही निवांत पडून राहा," असं सांगितलं की बहुतेक जण तयार होतात. लेटेक्सची ॲलर्जी आहे का, हे मात्र आधी विचारा.

डॅम लाळ तर थांबवतोच, पण उच्छ्वासाची वाफही अडवतो. कापसाच्या रोलने लाळ रोखता येते, वाफ नाही. खालच्या शेवटच्या दाढेवर रोल आणि सक्शन लावून एचिंग केल्यावर आरशावर धुकं धरलेलं दिसतं ना, तेवढीच वाफ दातावरही असते. डॅम बसतच नसेल असा दात असतो, हे खरं. तिथे बाँडिंगवर अवलंबून असलेलं मटेरियल वापरायचं की नाही, हाच निर्णय आधी घ्यावा.

पायरी ३: कापताना पृष्ठभाग घडतो

या पायरीवर मी जरा थांबणार आहे, कारण कॉलेजमध्ये कॅव्हिटीचा आकार शिकवतात, बरने मागे काय ठेवलं ते कमी शिकवतात.

बर फिरताना कापलेल्या दाताचा चुरा, कोलॅजनचे तुकडे, लाळ आणि पाणी असं सगळं दाबलं जाऊन पृष्ठभागावर पसरतं. ओल्या फरशीवरची रांगोळी पायाने पुसली की जो राप बसतो, तसं. हाच स्मिअर लेअर. तो साधारण एक ते दोन मायक्रॉन जाड असतो, आणि नलिकांच्या तोंडात त्याची बुचं बसतात. पाण्याने धुऊन किंवा कापसाने पुसून तो जात नाही.

तो किती जाड आणि किती घट्ट होईल, हे बर ठरवतो. डायमंड बरच्या मानेवरची रंगीत पट्टी बघा: हिरवी म्हणजे भरड, निळी मध्यम, लाल बारीक, पिवळी अति बारीक. भरड डायमंड जाड राप ठेवतो, बारीक डायमंड किंवा कार्बाइड बर पातळ ठेवतो. तुम्ही फॉस्फोरिक ॲसिडने डेंटिन एच करून धुणार असाल, तर राप निघूनच जाणार, मग फार बिघडत नाही. पण सौम्य सेल्फ-एच बाँड (ज्यात आम्ल बाँडमध्येच असतं) वापरणार असाल, तर त्याचं आम्ल या रापातूनच वाट काढणार. तिथे हिरव्या पट्टीने कॅव्हिटी संपवून थेट बाँड लावणं म्हणजे बाँडला दाताऐवजी चुऱ्यावर चिकटवणं. शेवटचा हात लाल पट्टीच्या किंवा कार्बाइड बरचा असू द्या, दाब न देता, भरपूर पाण्यात.

झिजलेल्या बरबद्दल वेगळं सांगायला हवं. तो कापत नाही, रगडतो. उष्णता वाढते, राप घट्ट बसतो आणि पेशंटला नंतर ठणका लागतो. बर वाचवून जितके पैसे वाचतात त्याहून जास्त एका फुकट रिपीट फिलिंगमध्ये जातात.

कीड काढताना दोन थर ओळखा. वरचं मऊ, ओलसर, चमच्याने सहज निघणारं डेंटिन संसर्गित असतं. त्यावर काहीच धरत नाही. त्याखालचं थोडं रंगलेलं, चामड्यासारखं आणि कठीण यांच्या मधलं डेंटिन वाचवण्याजोगं असतं, पण त्यावरचं बाँडिंग निरोगी डेंटिनपेक्षा कमकुवतच राहतं. म्हणून व्यवहारातला नियम असा: पल्पवरच्या तळाशी हात राखून काम करा, पण कॅव्हिटीच्या कडेने सगळीकडे स्वच्छ, कठीण दाताचा पट्टा मिळाल्याशिवाय थांबू नका. आत काय राहिलं याची काळजी कड घट्ट असेल तर बरीच कमी होते. कड कच्ची असेल तर आतून काढलेल्या शेवटच्या मिलिमीटरचा उपयोग नाही.

एनॅमलची कड कशी सोडायची? पुढच्या दातांवर अर्धा ते एक मिलिमीटरचा तिरका बेव्हल द्या. त्यामुळे एनॅमलच्या दांड्या लांबीने कापल्या न जाता टोकाकडून उघड्या पडतात, आणि आम्लाला टोकांवर जास्त चांगली नक्षी उठवता येते. शिवाय रंगाची सीमाही मिसळून जाते. दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावर बेव्हल नको. तिथे दांड्या तशाही टोकाकडून कापल्या जातात आणि पातळ झालेली कॉम्पोझिटची कड चावताना तुटते. हिरडीकडची कड एनॅमल संपून मुळावर गेली असेल तर तिथे धरायला फक्त डेंटिन आणि सिमेंटम. गळती सर्वांत आधी तिथूनच सुरू होते, हे गृहीत धरून बाकीचं ठरवा.

पायरी ४: एचिंग

१९५५ मध्ये मायकल बुओनोकोर यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक ॲसिडने एनॅमल खरखरीत करून त्यावर ॲक्रिलिक जास्त चांगलं धरतं हे दाखवलं. आज आपण वापरतो ते जेल बहुधा ३७ टक्क्यांचं असतं. एनॅमलवर १५ ते ३० सेकंद, डेंटिनवर १५ च्या वर नाही. सोपी युक्ती: आधी फक्त एनॅमलच्या कडेने जेल लावा, १५ सेकंद मोजा, मग डेंटिनवर पसरवा आणि आणखी १५ सेकंदांनी सगळं धुवा. मनात मोजू नका. सहायकाला घड्याळ बघून मोठ्याने मोजायला सांगा. फोनवर बोलता बोलता मोजलेले १५ सेकंद चाळीसही होतात.

डेंटिन जास्त वेळ एच केलं तर काय होतं? आम्ल खनिज खोलवर विरघळवतं आणि कोलॅजनची जाळी उघडी पडते. रेझिन तेवढ्या खोल पोचत नाही. तळाशी उघडं राहिलेलं कोलॅजन पुढे पाण्याने आणि दातातल्याच विकरांमुळे हळूहळू कुजतं. म्हणजे जास्त एचिंगने पकड वाढत नाही, घटते, आणि दात चावताना शिणशिणतो तो वेगळाच.

धुणं किमान एचिंगइतकाच वेळ. इथे पुण्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. देखभालीसाठी पाणीपुरवठा बऱ्याचदा गुरुवारी बंद असतो आणि नंतर नळाला थोडा वेळ गढूळ पाणी येतं. सोसायटीला बोअर किंवा टँकरचं जड पाणी येत असेल तर खुर्चीच्या नळ्यांत क्षार बसतात. खुर्चीला स्वतंत्र बाटली जोडून त्यात डिस्टिल्ड पाणी वापरा. एच केलेल्या ताज्या एनॅमलवर नळाचा गाळ कशाला?

पायरी ५: ओल किती ठेवायची

एच केलेल्या एनॅमलला हवेने वाळवलं की ते खडूसारखं पांढरं दिसतं. नाही दिसलं, तर एचिंग झालेलं नाही किंवा काहीतरी लागलं आहे.

डेंटिनला मात्र असं वाळवायचं नाही. खनिज गेल्यावर कोलॅजनचे धागे पाण्याच्या आधारावर उभे असतात. वाळवले की ते कोलमडून एकमेकांना चिकटतात आणि रेझिनला आत जायला जागा उरत नाही. ताकाओ फुसायामा यांनी डेंटिनही एच करायची वाट १९७९ मध्ये दाखवली, आणि १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी रेझिन व कोलॅजन मिळून जो मिश्र थर बनतो त्याचं वर्णन केलं. तो हायब्रिड लेअर नीट बनला तरच डेंटिनवरचं काम टिकतं.

मग हवं काय? पृष्ठभाग चमकदार ओला दिसावा, पण थेंब साचलेले नसावेत. हवेचा जोर थेट कॅव्हिटीत न मारता बाजूने द्या, किंवा ओलसर अप्लिकेटर टिपने, छोट्या स्पंजने जादा पाणी टिपून घ्या. एनॅमल आणि डेंटिन दोन्ही एकाच कॅव्हिटीत असतात, म्हणून आधी सगळं वाळवून एनॅमल पांढरं झालं का ते बघितलं, तर मग डेंटिन ओलसर टिपने परत ओलं करून घ्या.

हवा कशी येते तेही तपासा. थ्री-वे सिरिंजची (खुर्चीवरच्या हवा-पाण्याच्या नळीची) हवा स्वच्छ तोंडाच्या आरशावर दहा सेकंद सोडा. धुकं किंवा तेलाचा डाग दिसला तर ती हवा तयार पृष्ठभागावर जायलाच नको. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी भराभर साचतं. रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडून ते काढा. टेरेसवर किंवा बाथरूमच्या वर माळ्यावर ठेवलेल्या कॉम्प्रेसरकडे कुणी वर्षभर फिरकत नाही, आणि मग "हल्ली बाँडच्या मालातच दम नाही" अशी तक्रार डीलरकडे जाते.

पायरी ६: आता बाटली

तीन वाटा आहेत. एच करून धुवायची पद्धत वर आली. सेल्फ-एचमध्ये आम्लधर्मी रेणूच राप सैल करतात आणि रेझिन सोबतच आत जातं. धुणं नाही, म्हणून किती ओल ठेवायची हा घोळ कमी. यातला महत्त्वाचा रेणू १०-एमडीपी. जपानच्या कुरारे कंपनीने तो १९८१ च्या सुमारास तयार केला. तो दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक बंध बांधतो. तिसरी वाट २०११ पासून बाजारात आलेल्या युनिव्हर्सल बाँडची. ती दोन्ही पद्धतींनी वापरता येतात.

माझं मत विचाराल तर नव्या माणसाने युनिव्हर्सल बाँड घ्यावं आणि फक्त एनॅमलची कड फॉस्फोरिकने एच करावी. सौम्य सेल्फ-एच एनॅमलवर पुरेशी नक्षी उठवत नाही, म्हणून कडेला जेल हवंच. आणि डेंटिनवर फॉस्फोरिक लावलं तर एमडीपीला धरायला हवं ते कॅल्शियमच आपण धुऊन टाकतो. जेल घट्ट असलेलं घ्या, म्हणजे ते डेंटिनवर ओघळत नाही. थोडंसं ओघळलं तर घाबरू नका, पण मुद्दाम पसरवू नका.

लावताना टिप नुसती फिरवू नका, हलक्या दाबाने साधारण २० सेकंद घासत राहा. मग हवा: सुरुवातीला हळू, नंतर जोराने, बाँडचा थर हलायचा थांबेपर्यंत. ॲसिटोन, अल्कोहोल किंवा पाणी, जे काही द्रावक असेल ते उडून जायला हवं; ते आत अडकलं की थर मऊ राहतो आणि पुढे पाणी शोषतो. आणि मग क्युअर, म्हणजे निळ्या दिव्याच्या प्रकाशाने बाँड कडक करणं, त्या बाँडच्या पत्रकात असेल तेवढा वेळ, दिव्याचं टोक दाताच्या शक्य तितकं जवळ धरून. टोकावर जुनं कॉम्पोझिट चिकटलेलं असतं, ते खरवडून काढा.

बाटलीची शिस्त साधी आहे पण मोडली जाते. थेंब वापरायच्या क्षणीच काढा, झाकण लगेच लावा. वाटीत आधीच काढून ठेवलेला थेंब खुर्चीच्या दिव्याखाली जमायला लागतो आणि त्याचं द्रावकही उडतं. फ्रिजमध्ये ठेवायची बाटली असेल तर खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड घट्ट द्रव पसरत नाही. ज्या असिस्टंट ताईंच्या हातात ही बाटली असते, त्यांना हे सगळं एकदा बसून समजावून सांगा. दिवसातून जास्त वेळा झाकण त्या उघडतात, तुम्ही नाही.

लाळ किंवा रक्त लागलंच तर

घाबरून पुढे रेटू नका, कुठल्या टप्प्यावर लागलं ते बघा. एच केलेल्या एनॅमलला लाळ लागली, तर धुवा, वाळवा आणि थोडक्या वेळासाठी परत एच करा. बाँड लावलं, पण क्युअर केलं नाही, तर धुऊन वाळवून बाँड पुन्हा पहिल्यापासून लावा. क्युअर झालेल्या बाँडवर लाळ गेली, तर धुवा, वाळवा, नवा थर लावून क्युअर करा. नुसतं कापसाने पुसून कॉम्पोझिट टाकणं, हे मात्र कधीच नाही.

रक्त जास्त त्रासदायक. ते थांबवायला ॲल्युमिनियम क्लोराइड किंवा फेरिक सल्फेट वापरलं, तर त्यांचा अंशही बाँडिंग बिघडवतो, विशेषतः सौम्य सेल्फ-एचचं. भरपूर धुवा आणि तो भाग फॉस्फोरिकने साफ करून मग पुढे जा. हिरडी सुजलेली असेल तर खरं तर त्या दिवशी तात्पुरतं भरून आठवड्याने बोलावणंच शहाणपणाचं.

ग्लास आयोनोमर आणि कॅप

ग्लास आयोनोमर हे फिलिंगचं दुसरं मटेरियल, त्याची वाट वेगळी. १९७२ मध्ये विल्सन आणि केंट यांनी ते मांडलं. ते दातातल्या कॅल्शियमला स्वतः धरतं, म्हणून तिथे फॉस्फोरिक ॲसिड लावून खनिज काढून टाकू नका. १० टक्के पॉलीॲक्रिलिक ॲसिड २० सेकंद, धुणं, आणि चमक राहील इतकं वाळवणं, एवढंच. वर सांगितलेल्या मिश्रीच्या खाचांसाठी, डॅम बसत नसेल तर, मी बरेचदा हेच वापरतो.

कॅप किंवा ऑनले (दाताचा काही भागच झाकणारी टोपी) बसवताना दात आणि कॅपची आतली बाजू असे दोन पृष्ठभाग असतात. तात्पुरतं सिमेंट दोन्हींवरून पूर्ण काढा. झिरकोनियाची कॅप बसवून बघताना लाळ लागली तर ती फॉस्फोरिकने साफ करू नका. फॉस्फेट मागे राहून एमडीपीची जागा अडवतं. हलकी सँडब्लास्टिंग करा. लिथियम डायसिलिकेटची (काचेसारख्या सिरॅमिकची) पद्धत याहून निराळी: लॅबकडून किंवा स्वतः हायड्रोफ्लोरिक ॲसिडने एच, मग सिलेन (सिरॅमिक आणि रेझिन जोडणारा द्रव). हायड्रोफ्लोरिक तोंडात कधीही वापरायचं नाही.

पडलेलं सिमेंट वाचा

पेशंटने आणलेला तुकडा कचऱ्यात टाकण्याआधी लुपखाली धरा. तुकड्याचा आतला भाग गुळगुळीत आणि कॅव्हिटी स्वच्छ असेल, तर बाँड दातापासूनच सुटलं. पृष्ठभाग, ओल किंवा लाळ यांत काहीतरी गेलं. मटेरियलच मधून तुटलं असेल, तर चावण्याचा ताण किंवा जाडी बघा. कधी सुटलं तेही विचारा. दोन-चार दिवसांत सुटलेलं काम आणि पाच वर्षांनी सुटलेलं काम यांची कारणं एक नसतात.

हात बसवण्यासाठी

काढलेले दात, पेशंटला विचारून, डिस्टिल्ड पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा. ते वाळू देऊ नका. त्यांतल्या एका दाताचा अर्धा भाग हिरव्या पट्टीने आणि अर्धा लाल पट्टीने कापा, दोन्हींवर एकच बाँड, एकच कॉम्पोझिट लावा. दुसऱ्या दातावर अर्धं डेंटिन खडखडीत वाळवा, अर्धं ओलसर ठेवा. फिलिंग आणि त्याच्या कडेभोवतीचा एक मिलिमीटर सोडून बाकी सगळा दात, मुळाच्या टोकासकट, नेलपॉलिशने बंद करा, रात्रभर मेथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवून ठेवा, सकाळी धुऊन मधोमध चिरा. निळा रंग कुठून आत शिरला आहे ते डोळ्यांनी दिसतं. एनॅमलच्या कडेची आणि मुळाकडच्या कडेची तुलना आधी करा.